आधी गॅरेज, मग दिवाणखाना

कोल्हापुरात सध्या नव्या बंगल्यांना एक खूळ लागलं आहे. दिवाणखान्याला लागून काचेची खोली, छताला रंगीत दिवे, आणि मधोमध एक जुनी गाडी. अँबॅसडर, फियाट, विलीज जीप, नाहीतर एखादी येझदी. टाकी कोरडी, बॅटरी काढलेली, टायरखाली इटालियन संगमरवर. पाहुणे आले की पडदा सरकवतात आणि मालक अभिमानाने सांगतो, "आमच्या आजोबांची गाडी." आजोबांनी ती गाडी राधानगरीच्या चिखलातून आणि आंबोलीच्या धुक्यातून चालवली. नातवाने ती काचेत गाडली. याला लोक जतन म्हणतात. मी याला विटंबना म्हणतो, आणि हे तोंडावर सांगायची वेळ आली आहे.

मी स्वतः घर बांधतो आहे. माझ्याकडे १९७०च्या आधीची एक मार्क टू अँबॅसडर आहे, वडिलांची लॅम्ब्रेटा आहे आणि एक येझदी रोडकिंग मोटारसायकल आहे. तिन्ही चालतात. त्यांच्यासाठी गॅरेज हवं म्हणून मी आर्किटेक्टांचे उंबरे झिजवले आणि प्रत्येक ठिकाणी तोच अनुभव आला. एलेव्हेशनवर तासभर बोलणं, जिन्याच्या रेलिंगवर अर्धा तास, देवघराच्या दिशेवर वाद, आणि गॅरेजचा विषय काढला की कागदावर एक चौकोन. २.५ मीटर बाय ५ मीटर. "पार्किंग झालं, साहेब."

त्या चौकोनाचा हिशेब मांडू. अँबॅसडरची रुंदी सुमारे १.६६ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून ८४ सेंटिमीटर राहिले, एका बाजूला ४२. त्यात कॉलमचा कोपरा आला, गिलावा आला. दार पुरतं उघडत नाही, माणूस आडवा होऊन बाहेर पडतो. मग तिथे बसून ब्रेक ड्रम कोण उघडणार? १९५७ची शेव्हरोले बेल एअर कुणाकडे असेल तर ती पाच मीटरहून लांब आहे; त्या चौकोनात तिचं शेपूट बाहेर राहतं आणि शटर लागत नाही. ते माप नियमावलीने पार्किंगचं किमान माप म्हणून दिलेलं आहे. किमान मापालाच पूर्ण माप समजून पैसे घेणारा आर्किटेक्ट आपलं काम करत नाही, आणि त्याला जाब न विचारणारा मालक त्याच्याइतकाच दोषी आहे.

या शहरात हे व्हावं याचा मला विशेष संताप येतो. दसऱ्याला दसरा चौकात उभं राहून पाहा. राजाराम महाराजांच्या काळातली, १९३०च्या दशकातली मेबॅक न्यू पॅलेसमधून निघते आणि छत्रपती घराण्याला घेऊन सीमोल्लंघनाला येते. गर्दी पालख्यांना हात जोडते आणि त्या गाडीकडेही डोळे भरून पाहते. जगातल्या बड्या संग्रहालयांत अशा गाड्या दोरीपलीकडे उभ्या असतात. आपल्याकडे ती स्वतःच्या इंजिनावर रस्त्यावर येते. एवढी जुनी गाडी दर वर्षी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी चालते याचा अर्थ कुणीतरी तिचं तेल बदलतं, कुणीतरी तिचे ब्रेक पाहतं, आणि हे काम जिथे होतं ती जागा त्या कामाची असते. कोल्हापूरकराला हे वर्षातून एकदा डोळ्यांसमोर दिसतं. तरीही तो घरी जाऊन काचेची खोली बांधतो.

म्हशींचंच घ्या. दिवाळीच्या पाडव्याला सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीमागे म्हैस पळवणारा गवळी तिच्यासाठी गोठा कसा बांधतो? जमिनीला उतार, मूत वाहून जायला नाली, वाऱ्याला खिडकी, पाण्याची टाकी हाताशी. शिंगं रंगवण्याआधी गोठा नीट असतो. त्याचा नाद खरा आहे. ज्याच्या गॅरेजात सांडलेलं तेल वाहायला जागा नाही, हवा खेळत नाही, पाना ठेवायला फळी नाही, त्याचा नाद फोटोपुरता.

जागेचं बोलू, कारण इथे आपण डोळे मिटून घेतले आहेत. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोनच वर्षांनी, २०२१च्या जुलैत, पुन्हा तीच गत. २००५चा पूर विसरलेले लोक २०१९ला हळहळले आणि २०२१ला पुन्हा हळहळले. नागाळा पार्क, शाहूपुरी, बापट कॅम्प, रमणमळा या भागांत पाणी कुठवर येतं हे शेंबडं पोर सांगेल. तरी तिथे तळघरात पार्किंग काढणारे नकाशे आजही रंगवले जातात. पुरात बुडालेली नवी गाडी विमा कंपनी घेऊन जाते. बुडालेल्या साठ वर्षांच्या गाडीच्या चॅसिसच्या पोकळीत गाळ बसतो, कापडी वेष्टणाची वायरिंग सडते, दारांच्या आतला पत्रा पुढची दोन वर्षं हळूहळू गळतो. तिची किंमत कुठल्याच पॉलिसीत लिहिलेली नसते. ज्याला निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा पाहायची तसदी घ्यायची नाही, त्याने जुनी गाडी विकत घेऊ नये. त्याच्यापेक्षा ती दुसऱ्याच्या गोठ्यात बरी राहील.

उंचावर प्लॉट घेतला म्हणजे सुटलो असंही नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते आणि ओल जमिनीतूनही वर येते. कोब्याखाली जाड प्लास्टिकचा थर अंथरायला फार खर्च येत नाही. काँक्रीट पडल्यावर तो घालता येत नाही. हे मी ठेकेदाराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गाडी काय झोपणार आहे का जमिनीवर?" हो, झोपणार आहे. पावसाळ्याचे चार महिने ती बहुतेक वेळ तिथेच राहणार आहे, आणि तिचा तळपत्रा रात्रंदिवस त्याच जमिनीकडे तोंड करून असणार आहे. जोतं रस्त्यापेक्षा भरपूर वर, फरशीला दाराकडे उतार, भिंतीत खाली आणि वर झरोके, झरोक्यांना बारीक जाळी. जाळी विसरलात तर घुशी वायरिंग खातात.

जमिनीत खड्डा, म्हणजे पिट, खणायचा हट्ट अनेकांचा असतो. मी त्याच्या विरोधात आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साठते, आणि एका ठिणगीचं काम असतं. शिवाय आपल्या पावसात तो खड्डा विहीर होतो. त्याऐवजी दोन खांबांची लिफ्ट बसवा. तिला जाड, सळईचं काँक्रीट लागतं आणि डोक्यावर साधारण बारा फूट मोकळी उंची. गाडीची उंची पाच फुटांवर, माणूस खाली उभा राहायला सहा, हिशेब सोपा आहे. पण बंगल्याचा स्लॅब दहा फुटांवर पडतो आणि मग आयुष्यभर जॅकवर पाठ टेकून काम करावं लागतं. दिवाणखान्याला वीस फुटी डबल हाइट देणाऱ्यांना गॅरेजला दोन फूट जड जातात. ती डबल हाइट कुणाला दाखवायला असते, मला कळलेलं नाही.

टाकी कोरडी ठेवण्यामागे एक खरं कारण आहे, आणि त्याबद्दल मी काचवाल्यांशीही प्रामाणिकपणे बोलतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी उभी राहिली की ते पाणी तळाला बसतं, पत्र्याची टाकी आतून गंजते, जुने रबरी पाइप फुगतात, कार्बोरेटरच्या जेटमध्ये घाण अडकते. हे इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या आसवनीतूनही येतं, उसाला त्याचा आधार आहे, आणि ऊस उत्पादकाच्या घामाविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण १९६५ची गाडी हे इंधन लक्षात घेऊन घडवलेली नव्हती हेही सत्य आहे. त्यावरचा इलाज मजुरीचा आहे. इथेनॉल सोसणारे पाइप बसवा, टाकीला तळाशी तोटी ठेवा, इंधन शिळं होऊ देऊ नका, आठवड्याला गाडी बाहेर काढा. गाडी उभी राहिली तर इथेनॉल तिला मारतं. चालती राहिली तर ती बऱ्यापैकी तग धरते. काचेची खोली हा त्यावरचा उपाय नव्हे, तो पराभव आहे.

सरकारनेही गाडीकडे शोभेची वस्तू म्हणूनच पाहिलं आहे. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, मुदत दहा वर्षं. भंगारधोरणातून या गाड्या वेगळ्या काढल्या ही चांगली गोष्ट झाली. पण अशी गाडी रस्त्यावर कधी आणायची? प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. आईला अंबाबाईच्या दर्शनाला नेता येणार नाही. माझी रोडकिंग तर पन्नास वर्षांचीही नाही. तिला विंटेजचा मान नाही आणि जुनी असल्याचा दंड मात्र आहे. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारसायकलचं नोंदणी नूतनीकरण २,००० रुपयांवर आणि मोटारीचं १०,००० वर नेलं. वर्षाला जेमतेम काही शे किलोमीटर धावणाऱ्या गाडीला रोज धूर ओकणाऱ्या टेम्पोच्या रांगेत उभं करणं हा अन्याय आहे. पंधरा ते पन्नास वर्षांमधल्या, नीट राखलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग हवा, धावण्याच्या किलोमीटरवर मर्यादा घालून हवा, आणि त्यासाठी गाडीवाल्यांनी एकत्र येऊन भांडलं पाहिजे. रॅलीत फेटे बांधून फोटो काढल्याने हा नियम बदलणार नाही.

आणि आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. हे उद्यमनगरचं शहर आहे. शेतीपंपांची ऑइल इंजिनं इथे घडली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतलं ओतकाम देशभरच्या वाहनांत बसतं. याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः जुळवला आणि त्यावर चित्रपट काढले. इथल्या लेथवर तुटका नमुना नेऊन ठेवला की संध्याकाळी बुश तयार मिळतो, गिअरचा दात भरून मिळतो, पिस्टनला माप लावून मिळतं. असे हात ज्या गावात आहेत तिथले हौशी लोक गाडी ट्रकवर चढवून मुंबई-पुण्याला पाठवतात, परदेशी क्रोमचे डबे मागवतात, लाखांची बिलं मिरवतात. आणि उद्यमनगरातला मिस्त्री सत्तरीत एकटाच शटर उघडून बसलेला असतो. एका मिस्त्रींना मी विचारलं, मुलगा हे काम शिकला का? म्हणाले, "कशाला शिकवू? या गाड्यांचे मालक वर्षातून एकदा येतात, तेही पुसून घ्यायला."

गाडी काचेत गेली की मिस्त्रीचं काम जातं. काम गेलं की हात जातो, आणि तो हात गेल्यावर उद्या कुणाला गाडी चालवावीशी वाटली तरी चालवता येणार नाही. म्हणून माझ्या नकाशात गॅरेजला लागून दहा बाय बाराची खोली आहे. लाकडी बेंच, मोठा व्हाइस, छोटा लेथ, थ्री फेज कनेक्शन, उत्तरेकडून येणारा उजेड, आणि दुसरं एक स्टूल. ती खोली मिस्त्रींसाठी आणि त्यांच्या हाताखाली शिकायला येईल त्या पोरासाठी आहे, रोजंदारी देऊन. आर्किटेक्टने त्या खोलीच्या जागी 'होम थिएटर' लिहून आणलं होतं. मी ते खोडायला लावलं. कोल्हापुरात जुनी गाडी बाळगून नवं घर बांधणाऱ्या प्रत्येकाने आपला नकाशा आज रात्री काढावा आणि स्लॅब पडायच्या आत हेच करावं.