लिफ्टच्या दारापुढचं अमीनाबाद

लखनौच्या अमीनाबाद बाजारात भुयारी मेट्रो येणार. चारबाग ते वसंत कुंज या 11.165 किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2025 मध्ये मंजुरी दिली आणि त्यावरच्या 12 स्थानकांत अमीनाबाद आहे. म्हणजे लिफ्ट आली, अंधांसाठी उठावाच्या फरशा आल्या. चाकाच्या खुर्चीवरची बाई आरामात वर येईल. पुढे?

पुढे चिकनकारीच्या कपड्यांचं दुकान. जोतं उंच, आत पांढरी गादी, तिच्यावर कुर्त्यांच्या घड्या उलगडताहेत. दुकानदार अदबीने चार कुर्ते रस्त्यावर आणून दाखवतो, चहाही विचारतो. पण आतल्या कपाटातला मोतिया कुर्ता तिने मागायचा कसा? तो तिला दिसलेलाच नसतो. अमीनाबादच्याच गडबडझाला बाजारात तर बांगड्यांच्या दुकानांमधून धडधाकट माणूसही अंग चोरून सरकतो. आपली पुण्याची तुळशीबाग आठवा.

यावर सोपा उपाय सुचवणारे भेटतीलच : फेरीवाले हटवा, रस्ता मोकळा करा. साफ नामंजूर! पोट भरायला बसलेल्यांत दिव्यांगही असतात. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीतल्या विक्रेत्यांच्या जागांवर त्यांना प्रतिनिधित्व द्यायला सांगितलं आहे. बाजार उठवून सोय कुणाची करणार?

लखनौतल्या मराठी मंडळींनो, पंडित भातखंड्यांनी 1926 मध्ये याच शहरात संगीत विद्यालय उभं केलं. पाहुणेपणाने गप्प बसायचं कारण आपल्याला नाही. महापालिका आणि मेट्रो, दोघांनाही पत्रं लिहा : लिफ्टच्या दारापासून बाजारापर्यंत 1.8 मीटरची सलग, मोकळी पायवाट नकाशातच आखा आणि ती आखताना विक्रेत्यांनाही सोबत बसवा. स्थानक बांधून झाल्यावर फुटपाथ फोडायला कोण येतंय? सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 च्या राजीव रतुरी निकालात बजावलं आहे. पत्रात तारखेसकट लिहा.

दुकानदारांशीही बोला. एकास बाराच्या हिशेबाने सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार लागतो. तो कायमचा बांधला तर पायवाटच अडेल, म्हणून घडीचा, उचलता येणारा रॅम्प शेजारच्या चार दुकानांत मिळून ठेवता येईल. ईदच्या, दिवाळीच्या खरेदीला जाल तेव्हा कुर्त्याचा भाव करण्याआधी रॅम्प आहे का, एवढं विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अमीनाबादचा दुकानदार अकराव्याची वाट पाहत नाही.