तपास मृताच्या आईनेच करायचा काय?

कोठडीत माणूस मेला की मृत्यूचे कारण गृहखात्याजवळ तयार असते. चौकशी मागाहून येते. १ डिसेंबर १९८७ रोजी तेव्हाच्या ओरिसातील सुंदरगड जिल्ह्यात सुमन बेहेरा या बावीस वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी घरातून उचलून चौकीत नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेमार्गावर मिळाले. पोलिसांचे म्हणणे असे की, त्याला बांधलेली दोरी त्याने रात्री दातांनी कुरतडली, तो पळाला आणि आगगाडीखाली सापडला! त्याच्या आईने, नीलाबती बेहेरा यांनी, सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज मानले, पलायनाची कथा फेटाळली आणि मार्च १९९३ मध्ये दीड लाख रुपयांची भरपाई देवविली. कायद्याच्या वर्गात हा निवाडा गौरवाने शिकविला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु एका आईला थेट दिल्लीला पत्र लिहावे लागले, याचा अर्थ चौकीपासून सचिवालयापर्यंतची झाडून सारी यंत्रणा तिच्यापुरती बंद होती, हे मात्र कोणी शिकवीत नाही.

पलायनाची हीच कथा पंधरा वर्षांनी महाराष्ट्राने ऐकली. परभणीचा ख्वाजा युनूस हा संगणक अभियंता घाटकोपरच्या बसस्फोटप्रकरणी डिसेंबर २००२ मध्ये पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी जाहीर केले की, त्याला औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पसार झाला. त्याच्यासमवेत कोठडीत असलेल्यांनी सांगितले की त्याला बेदम मारहाण झाली होती. आई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा कोठे गुन्हे अन्वेषण विभागाने तपास केला आणि पलायन खोटे ठरले. चौदा पोलिसांवर ठपका आला. खटला भरण्याची मंजुरी शासनाने दिली ती फक्त चौघांपुरती. पहिली साक्ष व्हायला २०१८ साल उजाडले. त्याच वर्षी, आणखी चार अधिकाऱ्यांना आरोपी करण्याची मागणी न्यायालयात करणारा सरकारी वकील त्या खटल्यातून दूर केला गेला. जून २०२० मध्ये त्या चौघा निलंबितांना सेवेत परत घेण्यात आले. मुलाचे प्रेत त्या आईला कधीच मिळाले नाही.

आणि पुन्हा परभणीच. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहरात उद्रेक झाला आणि धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला. १५ डिसेंबर रोजी तो न्यायालयीन कोठडीत मरण पावला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की त्याला मारहाण झालेली नाही, त्याला श्वसनाचा विकार होता. शवविच्छेदनाचा अभिप्राय अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा होता. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीतही ठपका पोलिसांवरच आला. तरीही गुन्हा नोंदला गेला नाही! आई औरंगाबाद खंडपीठात गेली; ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदविण्याचा आदेश झाला. त्यावर शासनाने काय करावे? शासन त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धावले, आणि ३० जुलैला तेथून हात हलवीत परतले.

या साऱ्या व्यवहाराचा जमाखर्च कोणी तरी मांडावयास हवा. एका पक्षाकडे सरकारी वकिलांचा ताफा, प्रवासभत्ते आणि न संपणारा वेळ. दुसऱ्या पक्षाकडे बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे आणि उसनवारी. त्यातही पहिल्या पक्षाचा खर्च दुसराच पक्ष अंशतः भरतो, कारण ती आई काडेपेटी विकत घेते तेव्हाही कर देते. भरपाईचे पैसे जातात तेही याच तिजोरीतून. मारणाऱ्याच्या पगारातून सहसा दमडी कापली जात नाही. गुन्ह्याची किंमत गुन्हेगाराने मोजायची नसेल, तर तो थांबावा कशासाठी? सानुग्रह मदत हा अशा वेळी न्यायाचा हप्ता राहत नाही, तक्रार मिटविण्याचा दर ठरतो. सूर्यवंशींच्या आईने शासनाने देऊ केलेली मदत नाकारली. त्या नकारातील अर्थशास्त्र अर्थखात्याला उमगले नसेल. गृहखात्याला मात्र ते नक्कीच उमगले असावे.

कायदा अगदीच नाही, असे नाही. २००६ पासून कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करणे बंधनकारक आहे, आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते कलम कायम आहे. पण नातेवाइकांना कळवून चौकशीस हजर राहू द्यावे, या वाक्याला एक शेपूट जोडलेले आहे: ‘व्यवहार्य असेल तेथे’. आरोपीला भल्या पहाटे घरातून उचलताना ज्यांना त्याचा पत्ता अचूक सापडतो, त्यांना त्याच्या आईस चौकशीची तारीख कळविणे व्यवहार्य वाटत नाही! पुरावा सारा ठाण्यात: नोंदवही ठाण्याची, कॅमेरा ठाण्याचा, साक्षीदार ठाण्यातले. म्हणूनच विधी आयोगाने १९८५ सालच्या ११३व्या अहवालात सुचविले होते की, कोठडीत इजा झाली तर ती कोठडी सांभाळणाऱ्यानेच केली असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयास असावी. दिल्लीत त्यानंतर नाना रंगांची सरकारे येऊन गेली. २०२३ मध्ये साक्षीपुराव्याचा कायदा समूळ नव्याने लिहिला गेला, वसाहतवाद पुसल्याचे नगारे वाजले. ती सूचना तेवढी त्यात शिरली नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, ती अजून अनुसमर्थनाविनाच पडून आहे.

अशाने पोलिसांचे मनोधैर्य खचेल, हा आक्षेप ठरलेला असतो. ज्या शिपायाने कधी कोणाला बडविले नाही, त्याचे मनोधैर्य बडविणाऱ्यावर खटला झाल्याने का खचावे? उलट, आज वरिष्ठांच्या हुकमाने हात उगारणारा शिपाई गजाआड जातो आणि हुकूम देणारा मंजुरीच्या आड सुरक्षित राहतो. पोलीस शिपाईही शेतकऱ्या-कामकऱ्याचाच मुलगा आहे, हे समाजवाद्यांना कोणी सांगावयास नको. तपास त्याच खात्याच्या हातून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावा, पूर्वमंजुरीची अट अशा गुन्ह्यांपुरती रद्द व्हावी, कुटुंबाच्या वकिलाचा खर्च शासनाने सोसावा आणि भरपाई दोषी अधिकाऱ्याकडून वसूल व्हावी, या मागण्या त्याच्याही हिताच्या आहेत.

मात्र चळवळीनेही थोडे स्वतःकडे पाहावे. मृत्यूनंतर आठवडाभर मोर्चे निघतात, नेते सांत्वनास येतात, छायाचित्रे छापून येतात. तिसऱ्या वर्षी तारखेला आई एकटीच कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेली असते. खरी लढाई हरली जाते ती बहुधा पहिल्या दोन दिवसांत, जेव्हा दुःखाने बधिर झालेल्या माणसांपुढे पंचनाम्याचा कागद सहीसाठी सरकविला जातो आणि अंत्यविधी लवकर उरकण्याचा आग्रह सुरू होतो. त्या वेळी लागतो एक वकील, एक माहीतगार डॉक्टर आणि रुग्णालयाच्या दारात रात्रभर थांबू शकणारे चार कार्यकर्ते. प्रत्येक जिल्हा समितीजवळ ही नावे आधीच लिहून ठेवलेली असली पाहिजेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने कोठडीतील मृत्यूच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करण्यास १९९५ मध्येच सांगितले आहे. त्या चित्रीकरणाच्या प्रतीसाठी कुटुंबाचा लेखी अर्ज त्याच दिवशी जावा, आणि त्याची पोच शिक्क्यानिशी घ्यावी.