व्हिसा नको, पण लस हवी

परदेशप्रवास म्हणजे वकिलातीच्या खेपा, मुलाखत आणि कागदपत्रांची जाडजूड फाइल, हे समीकरण आता पुष्कळसे बदलले आहे. अनेक देशांनी पर्यटकांसाठी व्हिसाची अट शिथिल करून तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना आणला आहे. अमेरिकेचा ‘एस्टा’ २००९ पासून सक्तीचा झाला. कॅनडा आणि ब्रिटन यांनीही पुढे तोच मार्ग स्वीकारला. या तिन्ही सोयी भारतीय पासपोर्टधारकांसाठी नाहीत. केनियाने मात्र जानेवारी २०२४ पासून पर्यटकांचा व्हिसा रद्द करून जो ‘ईटीए’ सुरू केला, तो आपल्यालाही लागू आहे. त्यामुळे मसाई माराची सफर अनेक मराठी कुटुंबांच्या आवाक्यात आली असून प्रवासाआधी सल्ल्यासाठी येणाऱ्यांची संख्याही वाढली आहे.

अर्ज सोपा आहे. किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, छायाचित्र, विमानाचे व मुक्कामाचे तपशील आणि सुमारे तीस डॉलर शुल्क एवढ्यावर काम होते. लहान मुलांचाही स्वतंत्र अर्ज करावा लागतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा; त्याच्या पत्त्याच्या अखेरीस ‘डॉट गो डॉट केई’ असते. तसेच दिसणारे मध्यस्थ कितीतरी अधिक पैसे घेतात. आपल्याकडे नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव येते. ते पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच अर्जात भरावे. परवाना पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो, म्हणून नूतनीकरण करायचे असेल तर ते आधी उरकावे.

हा परवाना काही दिवसांत हाती पडतो आणि येथेच गफलत होते. परवाना आला म्हणजे तयारी झाली, असे कुटुंब समजून चालते. परवाना केनियात प्रवेशासाठी आहे. परतताना आपल्या स्वतःच्या देशाची जी अट आहे, तिच्याशी त्याचा काही संबंध नाही. ती अट पीतज्वराच्या, म्हणजे ‘यलो फीवर’च्या लसीची आहे.

केनिया हा पीतज्वराचा धोका असलेला देश म्हणून भारत सरकारच्या यादीत आहे. तेथून सहा दिवसांच्या आत परतणाऱ्या प्रवाशाजवळ लसीचे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. ही कठोरता अकारण नाही. पीतज्वराचा विषाणू एडिस जातीच्या डासामार्फत पसरतो. आपल्या कुंड्यांत आणि पाण्याच्या टाक्यांत वाढणारा, डेंग्यू पसरवणारा डास तोच. डास आहे, दाट लोकवस्ती आहे. सुदैवाने विषाणू तेवढा अद्याप आपल्याकडे आलेला नाही. तो एकदा शिरला तर काय होईल, याची कल्पना डेंग्यूच्या अनुभवावरून करता येते. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास साधारण तीन ते सहा दिवस लागतात. विलगीकरणाची मुदत त्यावरूनच ठरली आहे.

लस एकदाच घ्यावी लागते. २०१६ पासून तिचे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी वैध मानले जाते; मात्र ही वैधता लस घेतल्यापासून दहा दिवसांनी सुरू होते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारने नेमलेल्या केंद्रांतच दिली जाते आणि बहुतेक ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते. पासपोर्ट सोबत न्यावा आणि पिवळ्या पुस्तिकेवरील नाव, पासपोर्ट क्रमांक व शिक्का तेथेच तपासून घ्यावा.

ही जिवंत विषाणूंची लस आहे, आणि म्हणूनच ती सर्वांसाठी नाही. गेल्या वर्षी एक कुटुंब माझ्याकडे आले. सहाही जणांचे परवाने आले होते, तिकिटे काढलेली होती, निघायला बारा दिवस उरले होते. आजीबाईंना संधिवातासाठी अनेक वर्षे मेथोट्रेक्सेट चालू होते. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या अशा औषधावर असताना ही लस देणे धोक्याचे असते. “काकू, तुम्हाला ही लस देता येणार नाही,” असे सांगताना त्यांच्या मुलाचा चेहरा उतरला. औषध चार दिवस थांबवून लस घेता येईल का, असे त्याने विचारले. तसे करता येत नाही. औषधाचा परिणाम इतक्या लवकर ओसरत नाही आणि सांधे मात्र पुन्हा धरतात. अखेर आजीबाई घरी राहिल्या. तिकिटे काढण्यापूर्वी हा प्रश्न निघाला असता, तर सहाही जणांनी मिळून दुसरे ठिकाण निवडले असते.

कर्करोगावरील उपचार, दीर्घकाळ स्टिरॉइड, अवयवरोपण, थायमस ग्रंथीचे विकार आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनीही ही लस टाळावी. गर्भवतींनी आणि साठी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांशी सविस्तर बोलूनच निर्णय घ्यावा, कारण पहिला डोस साठीनंतर घेतल्यास गंभीर दुष्परिणामांची शक्यता, दुर्मीळ असली तरी, वाढते. नऊ महिन्यांखालील बाळांना ती सहसा देत नाहीत. मुलाची गोवराची लस ठरलेली असेल, तर दोन्हींत चार आठवड्यांचे अंतर ठेवणे इष्ट. वैद्यकीय कारणाने सवलतीचे पत्र मिळाले, तरी परतल्यावर विलगीकरण टळेलच असे गृहीत धरू नये. विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाकडे आधीच चौकशी करावी.

हिवतापाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण पीतज्वराची लस त्यापासून संरक्षण देत नाही. नैरोबी शहर उंचावर असल्याने तेथे धोका कमी; अभयारण्यांत आणि मोम्बासाच्या किनाऱ्यावर तो आहे, आणि तेथील हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम या घातक प्रकारचा असतो. प्रतिबंधक गोळ्या जाण्यापूर्वी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यानंतरही चालू ठेवाव्या लागतात. कोणती गोळी, हे वय आणि आजार पाहून ठरते. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगावे की आम्ही केनियाला जाऊन आलो. त्या एका वाक्याने निदानाचे मोलाचे दिवस वाचतात.

नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या सामानात ठेवावीत. इन्सुलिन तर कधीही मोठ्या बॅगेत टाकू नये. गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेण्याची आपली सवय येथे मोडावी, कारण केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. कापडी बटवा उत्तम.

तेव्हा क्रम असा ठेवावा. सहलीचा बेत ठरताच, निघण्याच्या किमान सहा आठवडे आधी, घरातील प्रत्येकाच्या औषधांची यादी घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटावे. कोणाला लस चालते हे कळल्यावर केंद्रावर वेळ घ्यावी. त्यानंतर तिकिटे काढावीत आणि ‘ईटीए’चा अर्ज सर्वांत शेवटी भरावा. त्याला थोडेच दिवस लागतात. लसीचे दहा दिवस मात्र कोणालाही कमी करता येत नाहीत.