रणगाड्यावरून लोकशाही उतरत नसते

११ मार्च १९१७ रोजी जनरल मॉड यांच्या ब्रिटिश फौजांनी बगदाद जिंकले आणि काही दिवसांतच नगरवासीयांसाठी एक जाहीरनामा काढला. ‘आम्ही जेते म्हणून आलेलो नाही, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत’, असा त्याचा आशय होता. या मुक्तीची किंमत मोजणाऱ्यांत आपल्या सह्याद्रीच्या कुशीतील तरुणही होते. त्याच्या आदल्या वर्षी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमारीने गांजून जी फौज शरण गेली, ती सहावी ‘पूना डिव्हिजन’ होती आणि तीत मराठा पलटणी होत्या. ज्यांना स्वतःच्या देशात मताचा अधिकार नव्हता, त्यांना परक्या देशाच्या ‘मुक्ती’साठी मरायला पाठविण्यात आले होते!

त्या मुक्तीचे पुढे काय झाले? १९२०मध्ये इराकी जनतेने इंग्रजांविरुद्ध उठाव केला. तो विमानांतून बाँबफेक करून चिरडण्यात आला. १९२१मध्ये मक्केच्या शरीफ घराण्यातील फैसल यांना आणून गादीवर बसविण्यात आले आणि ९६ टक्के प्रजेचा कौल त्यांना मिळाल्याचे जाहीर झाले. १९५८मध्ये त्या राजघराण्याचा राजवाड्यातच संहार झाला. लंडनहून आलेले रोपटे चार दशकेही टिकले नाही.

या इतिहासाची उजळणी करण्याचे कारण असे की, ८६ वर्षांनी तोच प्रयोग त्याच नगरात नव्या संचात झाला. ९ एप्रिल २००३ रोजी अमेरिकी रणगाडे बगदादच्या चौकात उभे राहिले. युद्धाचे मुख्य निमित्त होते सद्दाम हुसेन यांच्याकडील सर्वसंहारक शस्त्रांचे. ती काही सापडेनात, तसतसा लोकशाहीचा जयघोष वाढत गेला. नोव्हेंबर २००३मध्ये अध्यक्ष बुश यांनी संपूर्ण मध्यपूर्वेत स्वातंत्र्याचा प्रसार करण्याचे धोरणच घोषित केले. जणू लोकशाही ही कारखान्यात तयार होऊन खोक्यातून पाठविण्याची वस्तू आहे आणि पोहोच मिळाली की काम संपले!

सद्दाम यांच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कोणालाही कारण नाही. १९८८मध्ये हलब्जा येथे विषारी वायूने हजारो कुर्दांचे प्राण घेणारी ती राजवट होती. मात्र त्या काळात, इराणविरुद्धच्या युद्धात, वॉशिंग्टनचे वजन याच सद्दाम यांच्या पारड्यात पडत होते, हेही विसरता येत नाही. प्रश्न तो नाहीच. जुलमी सत्ताधीश हटला की लोकशाही आपोआप अवतरते काय, आणि हटविणारा हात परका असेल तर ती रुजते काय, हा खरा प्रश्न आहे.

मतपेटीआधी ‘आपण’ लागतो

लोकशाही म्हणजे केवळ मतदान नव्हे. मतदान हे तिचे दृश्य रूप आहे. तिचा प्राण पराभूत पक्षाच्या मनात असतो. ‘आज आम्ही हरलो, पण जिंकणारेही आमचेच आहेत. उद्या पुन्हा आमची पाळी येईल,’ हा विश्वास असेल तरच हरलेला माणूस शस्त्राकडे न वळता घरी जातो. हा विश्वास कोठून येतो? कायद्याच्या कलमांतून तो येत नाही. एका भूमीवर, एका इतिहासाच्या सुखदुःखात वाढलेला समाज जेव्हा स्वतःला ‘आपण’ म्हणू लागतो, तेव्हाच तो जन्माला येतो. यालाच आपण राष्ट्रभाव म्हणतो. राज्य हे राष्ट्राच्या आधाराने उभे राहते. परकी सत्ता राज्ययंत्र उभारू शकेल, राष्ट्र उभारणे तिच्या हाती नसते. उलट, ज्या देशाची तिला ओळखच नसते, त्या देशाकडे ती तुकड्यांचा हिशेब म्हणूनच पाहते.

इराकमध्ये हेच घडले. मे २००३मध्ये प्रशासक पॉल ब्रेमर बगदादला पोहोचले आणि काही दिवसांतच त्यांनी दोन आदेश काढले. पहिल्याने बाथ पक्षाच्या वरच्या फळीतील सर्वांना सरकारी सेवेतून दूर केले. नोकरीसाठी सदस्य झालेले शिक्षक आणि डॉक्टरही त्यात सापडले. दुसऱ्याने इराकी सेनाच विसर्जित केली. लाखो शस्त्रशिक्षित माणसे एका सहीने बेकार झाली. जुलैमध्ये २५ जणांचे शासकीय मंडळ नेमले गेले. त्यात १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, १ तुर्कमेन आणि १ असिरियन ख्रिश्चन अशी वाटणी होती. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीससुद्धा शियांच्या संख्येत मोजले गेले! माणसाचा विचार, पक्ष, कर्तृत्व हे सारे गौण ठरले आणि त्याचा पंथ तेवढा उरला.

पुढे हीच रीत रूढ झाली. अध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया, सभापती सुन्नी आणि खात्यांची वाटणी पंथांच्या पक्षांत. इराकी लोक तिला ‘मुहाससा’ म्हणतात. ३० जानेवारी २००५ रोजी बाँबच्या धमक्यांना न जुमानता सामान्य इराकी स्त्री-पुरुष मतदानाच्या रांगेत उभे राहिले. त्यांच्या धैर्यापुढे मस्तक नमवलेच पाहिजे. पण सुन्नीबहुल भागांनी मोठ्या प्रमाणावर बहिष्कार टाकला होता. फेब्रुवारी २००६मध्ये समारा येथील शियांचे पवित्र स्थान उद्ध्वस्त झाले आणि गल्लोगल्ली ओळखपत्रावरील नाव पाहून मुडदे पडू लागले. जून २०१४मध्ये अमेरिकेने शिकवून सज्ज केलेली सेना मोसुल सोडून पळाली आणि ते नगर इसिसच्या हाती गेले.

या शोकांतिकेतील सर्वांत बोलका प्रसंग मात्र २०१९चा आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बगदाद, बसरा, नासिरिया येथील तरुण रस्त्यावर उतरले. शेकडो जण गोळ्यांना बळी पडले, पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. मतपेटी तर त्यांच्याकडे होतीच. मग ते काय मागत होते? ‘आम्हाला देश हवा’ ही त्यांची घोषणा होती. सोळा वर्षांच्या आयात लोकशाहीवर याहून मार्मिक अभिप्राय कोणता विद्वान देईल?

आपल्या अनुभवाची साक्ष

पंथांच्या शिरगणतीवर प्रतिनिधित्व वाटण्याची ही युक्ती भारताला अपरिचित नाही. १९०९च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ निर्माण केले. उदार हस्ते दिलेल्या त्या ‘सुधारणे’ने शेजाऱ्याला शेजाऱ्याचे मत मागण्याची गरजच ठेवली नाही. तेथून १९४७पर्यंतचा रक्तरंजित मार्ग सर्वांना ठाऊक आहे. तरीही ‘इंग्रजांनी आम्हाला लोकशाही दिली’ असे मोठ्या कृतज्ञतेने सांगणारे विद्वान आपल्याकडे आजही भेटतात. त्यांना एवढेच विचारावे की, १९३७च्या प्रांतिक निवडणुकांत मताधिकार किती जणांना होता? सुमारे तीन कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या एक दशांशाच्या आसपास, आणि तोही मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या गाळणीतून. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते. अक्षरशत्रू शेतकऱ्याला आणि मोलकरणीला कारखानदाराच्या बरोबरीचे मत दिले ते आपल्या घटना समितीने. लंडनने ते दिले नव्हते.

संसदीय पद्धतीचा आराखडा आपण बाहेरून घेतला, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. चांगले ते कोठूनही घ्यावे, हीच आपली परंपरा आहे. पण घेणारे आपण होतो आणि काय घ्यायचे ते आपण ठरविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८मध्ये, भारताच्या मातीवर लोकशाही हा अजून वरचाच थर आहे, असा परखड इशारा दिला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी बौद्ध भिक्षुसंघांच्या सभापद्धतीचे स्मरण करून दिले आणि संसदीय रीत या भूमीला अनोळखी नसल्याचेही सांगितले. दहाव्या शतकातील चोळकालीन उत्तरमेरूरचा शिलालेख आजही वाचता येतो. ग्रामसभेच्या समित्यांसाठी नावांच्या चिठ्ठ्या घड्यात टाकून निवड होई आणि आधीच्या कारभाराचा हिशेब न देणारा अपात्र ठरे. ती आजची सार्वत्रिक लोकशाही नव्हती. पण सत्ताधाऱ्याने हिशेब दिला पाहिजे, ही जाणीव त्या मातीत होती. कलम तेथेच धरते, जेथे खाली जिवंत खोड असते.

जपान आणि जर्मनीचे काय?

येथे हमखास जपान आणि पश्चिम जर्मनीचा दाखला दिला जातो. दाखला वजनदार आहे. त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९४६मध्ये जपानच्या घटनेचा मसुदा मॅकआर्थर यांच्या कार्यालयात जेमतेम आठवड्याभरात लिहिला गेला, हे खरे आहे. पण जपानची संसद १८९०पासून भरत होती आणि सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार देणारा कायदा तेथे १९२५मध्येच झाला होता. स्त्रियांच्या मताधिकारासाठी इचिकावा फुसाए यांच्यासारख्या जपानी स्त्रिया विसाव्या दशकापासून झुंजत होत्या. जर्मनीत १८७१पासून निवडून आलेले राइशस्टाग होते आणि १९१९च्या वायमार घटनेने स्त्रियांनाही मत दिले होते. ज्या आडेनाउअर यांनी १९४९नंतर पश्चिम जर्मनीची धुरा वाहिली, ते हिटलरपूर्व काळात कोलोनचे महापौर होते. दोन्ही देशांत ‘आम्ही जपानी’, ‘आम्ही जर्मन’ हा भाव पराभवाच्या राखेतही शाबूत होता. विजेत्यांनी तेथे वाटेतला धोंडा दूर केला. झरा आधीपासूनच होता.

धोंडा दूर करूनही झरा फुटला नाही, त्याचे उदाहरण अफगाणिस्तान. २००१च्या बॉन करारापासून वीस वर्षे पैसा, शस्त्रे आणि सल्लागार यांचा पूर तेथे लोटला होता. २०१९च्या अध्यक्षीय निवडणुकीचा वाद इतका विकोपाला गेला की, मार्च २०२०मध्ये घनी आणि अब्दुल्ला या दोघांनीही एकाच दिवशी काबूलमध्ये अध्यक्षपदाची शपथ घेतली! १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले, तेव्हा ती राजवट वाचविण्यासाठी राजधानीत लढाई झाली नाही. त्या देशाच्या संसदेची देखणी वास्तू भारताने मैत्रीची भेट म्हणून बांधून दिली होती. २०१५मध्ये पंतप्रधान मोदी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मंदिर बांधून देता येते, प्राणप्रतिष्ठा ज्याची त्यानेच करावी लागते.

मदत आणि मालकी

मग जुलमाखाली पिचणाऱ्या शेजाऱ्याकडे पाठ फिरवावी काय? भारताने तसे केलेले नाही. डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातील जनतेने अवामी लीगला निर्विवाद कौल दिला. तो कौल रणगाड्यांखाली चिरडला जात असताना लोकशाहीचे स्वयंघोषित विश्वस्त निक्सन याह्याखानांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी सातव्या आरमाराची नौका बंगालच्या उपसागरात धाडली. भारतीय सेना लढली ती त्या जनतेने आधीच दिलेल्या निर्णयासाठी. डिसेंबर १९७१मध्ये विजय मिळाला आणि मार्च १९७२मध्ये आपल्या सैन्याने ढाक्याचा निरोपही घेतला. ब्रेमर तेथे नेमला गेला नाही. तरीही १९७५मध्ये मुजीब यांची हत्या झाली आणि त्या देशाला दीर्घकाळ लष्करी राजवट भोगावी लागली. स्वातंत्र्याला हातभार लावता येतो. ते पेलण्याची शक्ती मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागते, मग मदत करणारा भारतासारखा निःस्वार्थ मित्र का असेना!

हा विवेक ठेवूनच, जुलै २००३मध्ये अमेरिकेचा मोठा आग्रह असतानाही अटलजींच्या सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्पष्ट आदेशाविना इराकमध्ये सैन्य पाठविण्यास नकार दिला. त्या वेळी ‘महासत्तेच्या पंक्तीत बसण्याची संधी दवडली’ म्हणून हळहळणारे थोडे नव्हते. आज त्यांचा आवाज ऐकू येत नाही. कुतच्या वेढ्यातील पलटणींच्या नातवंडांना पुन्हा दुसऱ्याच्या ‘मुक्ती’साठी मरावे लागले नाही, ही त्या निर्णयाची थोरवी होय.

अखेरची साक्ष घरचीच आहे. २५ जून १९७५च्या रात्री या देशात आणीबाणी लादली गेली. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, संघावर बंदी आली, बाळासाहेब देवरस येरवड्याच्या कारागृहात गेले, हजारो स्वयंसेवकांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले. त्यांच्या बरोबरीने समाजवादी होते, सर्वोदयी होते, अकाली होते. कित्येक घरांत कर्ता पुरुष कोठडीत असताना आयाबहिणींनी संसार ओढले. कोणत्याही परक्या सेनेला कोणी आवतण दिले नाही. मार्च १९७७मध्ये सामान्य मतदाराने शांतपणे शिक्का मारला, सत्ताधीश पायउतार झाल्या आणि एकही गोळी न झाडता सत्तांतर झाले. हरलेल्यांनी हार मानली आणि जिंकलेल्यांनी सूड म्हणून शस्त्र उगारले नाही, कारण दोघांनाही ठाऊक होते की, देश एकच आहे.

ही आपली कमाई आहे. ती कोणाकडून दानात मिळालेली नाही, म्हणून तिचे प्रमाणपत्र कोणाकडून आणण्याचीही गरज नाही. मात्र कमावलेले धन राखावेही लागते. समाजाला जातीपातींच्या आणि पंथांच्या शिरगणतीत फोडण्याचा मोह जेव्हा जेव्हा आपल्याच पुढाऱ्यांना होईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, तेव्हा बगदादचे ते २५ जणांचे मंडळ आठवावे. ‘आम्हाला देश हवा’ असा टाहो फोडण्याची वेळ आपल्या मुलांवर येऊ नये, याची चिंता वाहणे हे मत देण्याइतकेच पवित्र कर्तव्य आहे.