केळीस मळी पाजावी काय?

आगाशी, निर्मळ, अर्नाळा या बाजूच्या वाडीवाल्या बंधूंकडून आम्हांस विचारणा होते, की केळीस व पानवेलीस पाण्यातून मळी दिल्यास फळास गोडी व पानास तजेला येतो, हे खरे काय? येथे मळी म्हणजे साखर कारखान्यात साखरेचे दाणे वेगळे काढल्यावर उरणारा काळा दाट पाक. रस निवळताना निघणाऱ्या गाळासही लोक मळीच म्हणतात. तो कुजवून घातला असता उत्तम खत होते, व त्याविषयी आमचा वाद नाही.

परदेशी गांजाची झाडे लावणारे लोक फुलोऱ्याच्या सुमारास मुळाशी हा पाक घालतात. आपल्या देशात त्या पिकाची लागवड १९८५ च्या कायद्याने परवान्यावाचून मना आहे, तेव्हा त्याच्याशी आपणांस कर्तव्य नाही. परंतु गोड घातले म्हणजे गोड येते हा त्यामागील तर्क आपल्या वाड्यांतही शिरू पाहतो, म्हणून तो तपासणे अवश्य आहे.

झाड आपली साखर पानांत सूर्यप्रकाशाच्या योगे स्वतःच तयार करते. मुळाशी ओतलेली साखर घडात जाऊन बसत नाही. आगाशीच्या सुकेळीची गोडी पाहा. ती राजेळीतील पिष्टाची पिकताना साखर झाल्याने व उन्हात पाणी आटल्याने येते. मळीवर ताव मारतात ते मातीतील सूक्ष्म जीव. साखरेत नत्र नसल्यासारखेच; म्हणून वाढणारे हे जीव मातीतलेच नत्र उचलतात, आणि शेणखताचा पुरवठा बेताचा असला तर झाड काही दिवस उपाशी राहून पाने पिवळी पडतात. पाणी तुंबणाऱ्या जागी ते मुळांची हवाही संपवितात.

जीवामृतात गूळ असतोच, असे कोणी म्हणेल. असतो, पण २०० लिटर पाण्यास सुमारे २ किलो, आणि त्याच्या जोडीस १० किलो शेण, गोमूत्र व नत्र पुरविणारे कडधान्याचे पीठ. तेथे गूळ हा विरजणाचा खाऊ आहे, झाडाचा नव्हे.

मळीत पालाश असतो व केळीस पालाश फार लागतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु घड काढल्यावर आपण जो बुंधा तोडून वाडीबाहेर फेकतो, त्यात हाच पालाश विपुल असतो! तो तुकडे करून आळ्यात कुजविण्यास मजुरीपलीकडे खर्च नाही. शिवाय मळीत इतर क्षारही असतात. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होत चालले आहे, गोडे पाणी जिरविणारी बावखले ठिकठिकाणी बुजविली गेली. अशा जमिनीत विकतचे क्षार ओतणे हा आम्हांस उघड आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो. खारेपणा केळीस मुळीच सोसत नाही. वाडी टिकवावी की विकावी, या विचारात पडलेल्या माणसाने आपला पैसा बाटलीवरील गुणवर्णनावर घालवावा, याचे आम्हांस वाईट वाटते.

घरचा गूळ अथवा काकवी असल्यास ती खताच्या खड्ड्यात शेणाबरोबर पातळ करून घालावी. कुजणे जलद होते. ज्यांस तरीही पडताळा पाहणे असेल, त्यांनी केळीच्या एका ओळीस मळी व शेजारच्या ओळीस तितक्याच किमतीचे शेणखत घालून दोहोंचे घड काट्यावर तोलावे, आणि आकडे आमच्याकडे धाडावे.