इंडियन जेड म्हणे!

आईच्या पन्नाशीला मी जेडचा गणपती घेतला होता. मुठीत मावेल एवढा, हिरवागार, सुबक कोरलेला. दुकानदाराने मूर्तीची बैठक काचेच्या तुकड्यावर ओढून दाखवली. काचेवर रेघ उमटली, गणपतीला ओरखडाही नाही. "बघा साहेब, ओरिजिनल!" साहेबांनी १८०० रुपये मोजले.

मागच्या विकांताला घरी गेलो तर उन्हात मूर्तीच्या आत बारीक चमचम दिसली. जेड असं चमचमत नाही. मग काचेच्या त्या रेघेचं काय? तर साधी गारगोटीसुद्धा काचेवर रेघ मारते. तिचा कठीणपणा ७, जेडचा ६ ते ७, काचेचा साडेपाचच्या आसपास. चुकीचा इनपुटही पास होतो ती टेस्ट कसली? आणि मी पोटापाण्यासाठी दिवसभर टेस्ट केसेस लिहितो!

आईचा किचनचा डिजिटल काटा काढला. मूर्ती १३२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य केला आणि मूर्ती दोऱ्याने पाण्यात बुडवून तरंगती धरली, तळाला न टेकवता. काटा म्हणाला ५०. १३२ भागिले ५० म्हणजे २.६४. जेडचे दोन प्रकार: नेफ्राइटची घनता साधारण २.९५, जेडाइटची ३.३. आमचे बाप्पा सरळसरळ क्वार्ट्झ निघाले. चमचम आतल्या हिरव्या अभ्रकाची. याला अ‍ॅव्हेंच्युरिन म्हणतात, आणि बाजारात 'इंडियन जेड'. (रंगवलेलं किंवा रेझिन भरलेलं जेडाइट या काट्याला फसवू शकतं, त्याला लॅबच हवी.)

माझा राग दगडावर नाही, नावावर आहे. चांगल्या दगडाला ब्रह्मदेशातल्या जेडाइटचं आडनाव कशाला? आईचं माहेर शिरूर तालुक्यातलं इनामगाव. तिथे घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत कार्नेलियन, जॅस्परचे मणी सापडले, कॅल्सिडनीची पाती सापडली. सगळी क्वार्ट्झचीच भावंडं. लोखंड हाताशी नसताना एवढ्या कठीण दगडाला भोक पाडणारे कारागीर होते ते! आणि आपण, पगार मिळाला की 'जेड' शब्दाला भुलतो. मी भुललो, म्हणून तर बोलतोय.

असो. आईला सांगावं की नाही यावर जेवण होईपर्यंत विचार केला. तिने तोवर अख्ख्या सोसायटीला जेड सांगून झालं होतं. शेवटी सांगितलंच.

"म्हणजे गणपती खोटा का रे?"

"गणपती खरा, दगड खरा. नाव खोटं."

"मग मावशीला काय सांगू?"

"अ‍ॅव्हेंच्युरिन."

"ते माझ्या तोंडात बसायचं नाही. गारगोटीचा आहे म्हणून सांगते."