नखाची जिव्हाळी

पहाटेच्या सामायिकाच्या ४८ मिनिटांत घरात जी शांतता नांदते, तिच्यात लहानसहान आवाजही मोठे होऊन ऐकू येतात. घड्याळाची टिकटिक, नळाचा थेंब, आणि ज्या घरी कुत्रा पाळलेला असतो तेथे गुळगुळीत फरशीवरून फिरणाऱ्या त्याच्या नखांची टकटक. ही टकटक हळूहळू सर्वांच्या अंगवळणी पडते. तिचा अर्थ विचारावा असे कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः ती एका मुक्या जीवाची तक्रार असते. कुत्रा सपाट जमिनीवर स्वस्थ उभा असता त्याची नखे फरशीला टेकू नयेत, असा साधा नियम आहे. पावलागणिक आवाज येऊ लागला की नखे वाढली, असे समजावे.

नागपूरच्या आग्नेयेस ४५-५० किलोमीटरवर वसलेले उमरेड एके काळी रेशीमकाठी हातमागाच्या कापडासाठी नावाजलेले होते. आज त्याची ओळख कोळशाची खाण, कापूस-सोयाबीनचा व्यापार आणि जवळचे कऱ्हांडल्याचे अभयारण्य अशी आहे. अशा गावच्या बाजारपेठेत खाली दुकान, मागे गोदाम आणि वर बिऱ्हाड ही घराची जुनी रचना. पूर्वी गोदामाच्या राखणीचा कुत्रा दिवसभर गावभर हिंडे. रस्त्याच्या खडीवर त्याची नखे आपोआप झिजत. आता कुत्रा वरच्या मजल्यावर, घरच्या मुलांच्या बरोबरीने वाढतो. त्याच्या पायाखाली टाइल्स असतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तर काळ्या जमिनीचा चिखल घरात नको म्हणून त्याचे फिरणेही उंबऱ्यापुरते उरते. चातुर्मास संपत येतो तेव्हा नखे पुरती वाकडी झालेली असतात.

असेच एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. रात्री दुकान वाढवून घरचा कर्ता वर येतो. आज काहीही झाले तरी नखे कापायचीच, असा त्याचा निश्चय असतो. दुकानातील दोन गडी मदतीला येतात. एक मान धरतो, दुसरा मागचे पाय. कुत्रा धडपडतो, मान फिरवतो, गुरगुरतो. नातीचा आवाज रडवेला होतो : ‘‘बाबा, त्याला बांधू नका हो, तो घाबरलाय.’’ घाईत कात्री खोल जाते, फरशीवर रक्ताचे थेंब पडतात आणि क्षणार्धात कर्त्याच्या मनगटावर दात उमटतात. मग घरात दोन मते होतात. आजी म्हणतात, ‘‘राहू द्या त्या बिचाऱ्याला, कशाला छळता?’’ कर्ता म्हणतो, ‘‘आज मला चावला, उद्या पोरीला चावेल. उद्याच शेतावर सोडून येतो.’’ सहा वर्षे घरात वाढलेल्या जीवाचे भवितव्य एका नखावर येऊन ठेपते.

या दोन्ही मतांमागे प्रेम आणि काळजी आहे. तरीही दोन्ही चुकीची आहेत. आजींच्या म्हणण्याप्रमाणे नखे तशीच राहू दिली, तर ती बोटांना वर ढकलतात. कुत्रा पंजाच्या गादीवर नीट भार देऊ शकत नाही, त्याची चाल बदलते आणि म्हातारपणी, सांधे आधीच दुखत असता, गुळगुळीत फरशीवर तो वारंवार घसरतो. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूस, जमिनीपासून उंच, अंगठ्यासारखे एक नख असते. ते जमिनीला लागत नाही, म्हणून झिजतही नाही. दुर्लक्ष झाल्यास ते गोल वळून त्याच पायाच्या मांसात रुतते. केसाळ कुत्र्याच्या बाबतीत ही जखम कित्येक दिवस कोणाच्या ध्यानातही येत नाही. न कापणे ही दया नव्हे. आणि कर्त्याचा मार्ग? त्याने नखे एकदा कापली जातील; पण पुढच्या वेळी कात्री नुसती दिसताच कुत्रा पलंगाखाली दडेल आणि त्याच्या पुढच्या वेळी अधिक लवकर चावेल.

कुत्र्याला हे इतके नकोसे का वाटते, याचे उत्तर नखाच्या रचनेत आहे. नखाचे टोक निर्जीव असते. ते कापल्याने काही दुखत नाही. मुळाकडे मात्र रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. त्याला मराठीत जिव्हाळी म्हणतात. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसतच नाही. कात्री तेथे लागली की वेदना खरोखरच जिव्हारी लागते, आणि ती एकच वेळ कुत्र्याला पुढे कायमची आठवते. त्यात त्याचा पंजा मुळातच फार संवेदनशील. तो धरून ठेवला की पळण्याची वाटही बंद होते. नखे फार वाढू दिली की जिव्हाळीही त्यांच्याबरोबर पुढे सरकते. परंतु दर आठ-दहा दिवसांनी थोडे थोडे टोक कापत गेल्यास ती हळूहळू मागे हटते. म्हणून वर्षभराची वाढ एका रात्रीत वसूल करण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे.

भीती धाकाने जात नाही, ती सहवासाने आणि सुखद अनुभवाने विरते, हे शास्त्रानेही पाहिले आहे. १९२४ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या बालकाविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. मूल आवडीचे खात असता ससा दूर ठेवला जाई आणि मुलाला सोसेल तेवढाच क्रमाक्रमाने जवळ आणला जाई. अखेर त्या मुलाने सशाला हात लावला. आज जगभरचे पशुवैद्य आणि श्वानप्रशिक्षक घाबरट प्राण्यांसाठी हीच रीत वापरतात. त्यातील मर्म दोन गोष्टींत आहे : भीतीची वस्तू सोसेल एवढीच समोर आणणे, आणि तिच्या पाठोपाठ आवडीचा घास देणे. क्रम उलटता कामा नये. आधी घास आणि मग कात्री असे झाले, तर कुत्रा घासालाच घाबरू लागतो.

जैन गृहस्थाला ही दृष्टी नवी वाटू नये. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध येतात. हे अतिचार घरी पाळलेल्या जनावरांच्या संदर्भातच बहुधा समजावून दिले जातात. त्यांतील तीन या एका कामात सहज घडू शकतात. खांबाला आवळून धरणे हा बंध. घाईने जिव्हाळीपर्यंत कापणे हा छेद. आणि ‘उपाशी ठेवला की घासासाठी मुकाट्याने पाय देईल’ हा जो सल्ला कधी कधी दिला जातो, तो अन्नपाननिरोध. मात्र प्रमादाने, म्हणजे आळसाने वा बेफिकिरीने, नख मांसात रुतेपर्यंत वाट पाहणे हेही निर्दोष नव्हे. उरतो तो जयणेचा मार्ग : काम टाळायचे नाही, पण प्रत्येक हालचाल जपून करायची.

तो मार्ग प्रत्यक्षात असा आहे. पहिले तीन-चार दिवस कात्री कपाटातच राहू द्यावी. कुत्रा शांत असताना त्याच्यासमोर न ओणवता शेजारी बसावे. खांद्यावर हात ठेवावा, घास द्यावा. हात कोपरापर्यंत न्यावा, घास द्यावा. मग पंजा, मग एकेक बोट. दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ घेऊ नये. त्याने पाय ओढून घेतला की लगेच सोडावा आणि मागच्या पायरीवर यावे. ‘नको’ म्हटले की ऐकले जाते, हे एकदा कळले म्हणजे ‘नको’ म्हणण्याची गरजच कमी होते. ओठ चाटणे, वारंवार जांभई देणे, मान वळवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठरणे या त्याच्या विनंत्या आहेत. गुरगुरणे ही शेवटची सूचना. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नये. सूचना देण्याची शिक्षा झालेला कुत्रा पुढे सूचना न देताच चावतो.

पुढील काही दिवस कात्री फरशीवर ठेवून नुसती दाखवावी आणि घास द्यावा. मग तिने खराट्याची सुकी काडी कापावी, म्हणजे ‘कट्’ या आवाजाची सवय होते. नंतर कात्री नखाला नुसती टेकवावी. हे सर्व तो सैल अंगाने सोसू लागला, की एकच नख घ्यावे आणि त्याचे अगदी टोक कापावे. त्या दिवशी तेवढेच. कुत्र्याला सर्वसाधारणपणे पुढच्या पायांना दहा आणि मागच्या पायांना आठ अशी १८ नखे असतात. रोज एक कापले तरी अठरा दिवसांत फेरी पूर्ण होते आणि पहिल्या नखाची पाळी पुन्हा येते. मोठी रक्कम हप्त्याने कशी सहज फिटते, हे व्यापारी माणसाला वेगळे सांगायला नको.

घास कोणता द्यावा, हाही विचार करण्यासारखा आहे. पनीरचे लहान तुकडे, वाफवलेला लाल भोपळा, बिया काढलेले सफरचंद हे जैन स्वयंपाकघरात सहज मिळणारे पदार्थ चालतात. सुक्यामेव्याच्या डब्यातील मनुका मात्र कदापि देऊ नयेत. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेटही त्याला विषारी आहे. काम सूर्यास्तापूर्वी, भरपूर उजेडात करावे. रात्रीच्या दिव्यात काळे नख कापणे म्हणजे अंदाजाने चालणे होय.

साधनाचीही निवड हवी. माणसांचे नेलकटर कुत्र्याचे गोल नख दोन्ही बाजूंनी दाबते आणि तो दाबच दुखतो. बोथट कात्री नख चिरडते. कुत्र्यांसाठीची धारदार कात्रीच वापरावी. काळे नख एकेक मिलिमीटरच्या पातळ चकत्यांनी कापावे. कापलेल्या पृष्ठभागाच्या मध्यभागी गडद, किंचित ओलसर ठिपका दिसला की थांबावे. जिव्हाळी तेथून जवळ असते. कात्री काही केल्या न सोसणाऱ्या कुत्र्यासाठी आणखी एक तोड आहे. हार्डवेअरच्या दुकानातून खरखरीत पॉलिश पेपर आणून रुंद फळीवर घट्ट चिकटवावा, फळी तिरपी धरावी आणि तिच्यावर पंजा ओढला की घास द्यावा. कुत्रा खेळता खेळता स्वतःच पुढची नखे घासू लागतो. मागच्या पायांसाठी आणि अंगठ्याच्या नखासाठी मात्र अखेर कात्रीकडेच यावे लागते.

जपूनही कधी रक्त आले, तर घाबरून आरडाओरड करू नये. स्वच्छ कापडाने काही मिनिटे नख दाबून धरावे, टोकाला कॉर्नफ्लोअर लावावे. १०-१५ मिनिटांत रक्त थांबले नाही, किंवा नख मांसात रुतलेले असले, तर घरी प्रयोग न करता पशुवैद्याकडे न्यावे. दुखते म्हणून घरातील पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन देऊ नये. ती कुत्र्याला घातक ठरू शकतात. अतिशय घाबरणाऱ्या कुत्र्याला पशुवैद्य योग्य मात्रेत शामक औषध देऊन हे काम वेदनेविना करू शकतात, आणि असे करणे हा घरच्यांचा पराभव नव्हे. नागपूरला सेमिनरी हिल्स येथे १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. उमरेडकरांना ते काही फार लांब नाही. माणसाला दात लागलाच, तर कुत्रा घरचा असो वा लसीकरण झालेला असो, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

आता पुन्हा त्या घराकडे वळावे. शेतावर सोडलेला घरचा कुत्रा अन्न शोधायला शिकलेला नसतो, तेथील कुत्रे त्याला आपल्यात घेत नाहीत, आणि त्याची नखेही तशीच वाढलेली असतात. म्हणजे त्या निर्णयाने प्रश्न सुटत नाही, तो फक्त दृष्टीआड होतो. त्याऐवजी दुकानात जाण्यापूर्वीची तीन मिनिटे कर्त्याने त्याला द्यावीत. पनीरची वाटी नातीच्या हाती असावी, आणि ‘आज कोणते नख’ हे आजींनी कॅलेंडरवर लिहून ठेवावे. गड्यांची गरज उरणार नाही, दोरीचीही नाही. पहिल्या महिन्यात प्रगती इतकी सावकाश होईल की धीर सुटू पाहील. तेथेच टिकून राहायचे.

एखाद्या पहाटे सामायिकाला बसलेल्या माणसाच्या ध्यानात येईल की बराच वेळ टकटक ऐकू आलेली नाही. डोळे उघडावेत, तर कुत्रा पावले न वाजवता येऊन केव्हाच शेजारी बसलेला असेल.